खेळांतील डावपेच व त्यांचें मोल

कोणत्याहि खेळाची योग्यता त्यांत जिंकणाऱ्याच्या आनंदावरून न ठरवितां, त्यांत बसलेल्या प्रत्येकास आपली बुद्धि चालविण्यास किती जागा मिळते ह्यावरून ठरवावी, असें आम्हांस वाटतें. बुद्धिबळ किंवा हुतूतू ह्यांसंबंधानें हें मत कोणीहि मान्य करील. परंतु अलीकडे वरच्या वर्गांतील कांहीं मुलामुलींच्या हातीं एक निराळाच खेळ आलेला आहे, आणि त्याविषयीं पालकांच्या मनांत जितकें कुतूहल आहे तितकीच शंकाहि आहे. टेबलाभोंवतीं बसून कागद, पेन्सिल व फासे ह्यांच्या साह्यानें अद्भुत कथा रचीत खेळावयाच्या ह्या प्रकारास ‘रोल-प्लेइंग गेम’ असें म्हणतात. आम्ही त्यास येथें भूमिकाखेळ म्हणूं. ह्या खेळाच्या बऱ्यावाइटाची संपूर्ण चर्चा करण्याचा आमचा विचार नाहीं. त्यांतील एकच प्रश्न आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों. लढाईच्या प्रसंगीं एखाद्या मुलानें नुसता वार न करितां कांहीं डाव टाकावयाचा म्हटला, तर नियमांनीं त्यास किती मोकळीक द्यावी, व तिची काय किंमत घ्यावी?

ज्या पालकांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं प्रथम दोन शब्द. चार-पांच मुलें एकत्र बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो. बाकीचीं मुलें एकेक पात्र धारण करितात. कोणी योद्धा, कोणी धनुर्धारी, कोणी मांत्रिक. सूत्रधार प्रसंग सांगतो: ओसाड किल्ला आहे, त्याच्या पुलावर एक राक्षस उभा आहे. प्रत्येक मूल आपलें पात्र काय करील तें सांगतें, आणि ज्या गोष्टीचा शेवट अनिश्चित असेल तिचा निकाल फाशानें लागतो. ह्या खेळांपैकीं जे सर्वांत अधिक प्रसार पावले आहेत त्यांत हा फासा वीस बाजूंचा असतो. पात्राच्या अंगचें बळ व शिक्षण ह्यांबद्दलचे ठराविक गुण फाशावरील आंकड्यांत मिळवावयाचे, आणि बेरीज ठरलेल्या आंकड्याइतकी किंवा त्याहून अधिक झाली कीं यश. फासा वीस बाजूंचा असल्यामुळें एका गुणाचा फरक म्हणजे सामान्यतः शंभरांत पांचांचा फरक. एवढें गणित ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढील विवेचन समजण्यास अडचण पडणार नाहीं.

ह्या खेळाचें मूळ युद्धशास्त्राच्या अभ्यासांत आहे. प्रशियामध्यें गेऑर्ग लिओपोल्ड फॉन राइसविट्झ ह्यानें १८१२ सालीं राजापुढें युद्धाचा एक खेळ मांडला. त्याच्या मुलानें १८२४ सालीं त्यास जें सुधारलेलें रूप दिलें तें प्रशियाच्या सैन्यानें अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं स्वीकारिलें. त्यांत नकाशा होता, फासे होते, आणि दोन्हीं पक्षांहून निराळा असा एक पंच होता. पुढें नियमांचीं कोष्टकें फार झालीं. तेव्हां कोष्टकें व फासे बाजूस ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर विसंबावें, असें फॉन व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ ह्या प्रशियन सेनाधिकाऱ्यानें १८७६ सालीं प्रतिपादिलें. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनीं, १९७४ सालीं, अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यांत सैन्याच्या तुकडीऐवजीं प्रत्येक खेळाडूकडे एकेक वीर आला, आणि पंचाचा सूत्रधार झाला. परंतु तो जुना वाद मात्र नव्या घरांत तसाच राहावयास आला: कोष्टक किती, आणि पंचाची मर्जी किती?

आतां वार आणि डाव ह्यांतील भेद पाहूं. मराठी वाचकास डाव म्हणजे काय तें समजावून सांगण्याची गरज नाहीं, कारण टांग, पट, ढाक, धोबीपछाड हीं नांवें आमच्या तालमींतून घरोघर पोंचलेलीं आहेत. भूमिकाखेळांत वार लागला म्हणजे शत्रूच्या जीवाचे जे गुण कागदावर मांडलेले असतात त्यांतून कांहीं वजा होतात, इतकेंच. पाय घालून पाडणें, मिठी मारून जखडणें, हातांतील शस्त्र उडविणें, कड्याच्या धारेकडे रेटणें, ह्यांनीं ते गुण सहसा कमी होत नाहींत. परंतु लढाईची स्थिति पालटते. शत्रु पडला असतां जखमी मित्रास पळून जातां येतें. मांत्रिक जखडला गेला तर त्यास दाराकडे धांवतां येत नाहीं. पूल अरुंद असेल तर एक जोराचा रेटा दहा वारांचें काम करितो. ज्या मुलाच्या पात्राजवळ मोठी तलवार नाहीं त्यासहि, प्रसंग ओळखून डाव टाकिला तर, लढाईंत कांहीं कर्तृत्व दाखवितां येतें. म्हणून डावाचें मोल नीट बसलें नाहीं तर ह्या खेळाची मुख्य गोडीच नाहींशी होते, असें आमचें मत आहे.

हें मोल दोन बाजूंनीं चुकतें. पहिली चूक म्हणजे डाव इतका महाग करणें कीं तो कोणी घेऊंच नये. १९७९ सालीं गायगॅक्स ह्यांनीं सूत्रधारासाठीं जो ग्रंथ लिहिला त्यांत निःशस्त्र झुंजीचे ठोसे मारणें, मिठी मारणें व अंगावर कोसळून पाडणें असे तीन भाग केले होते, आणि त्यांसाठीं वेगवेगळीं कोष्टकें व शेंकड्याचे हिशेब दिले होते. कुस्तीचा प्रसंग आला कीं मुलांनीं पुस्तक चाळीत बसावें, असा तो प्रकार होता.

२००० सालीं निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीनें व २००३ सालच्या तिच्या सुधारणेनें हीं कोष्टकें टाकून सर्वत्र वीस बाजूंचा फासा आणिला. ही मोठीच सुधारणा होय. परंतु मिठीच्या डावापुढें तिनें एकामागून एक अशीं तीन दारें उभीं केलीं. विशेष कौशल्य न घेतलेल्या पात्रानें मिठी मारूं म्हटलें कीं प्रथम शत्रूला एक फुकटचा वार मिळे. तो लागून इजा झाली कीं डाव तेथेंच संपे. तो वार चुकला तर शत्रूच्या अंगाला हात लागतो कीं नाहीं ह्यासाठीं एक फासा. तोहि साधला तर दोघांनीं आपापले फासे टाकून बळाची तुलना करावयाची. आतां समजा कीं शत्रूचा वार निम्म्या वेळां लागतो, आपला हात पांचांत चार वेळां लागतो, आणि बळानें दोघे सारखे आहेत. तर अर्धा गुणिले चार-पंचमांश गुणिले अर्धा, म्हणजे शंभरांत अवघे वीस. पांचदां प्रयत्न करावा तेव्हां एकदां डाव साधावा, आणि मध्यंतरीं शत्रूचे दोन-तीन वार फुकट सोसावे! त्याच मुलाचा साधा वार निम्म्या वेळां लागत असेल, तर शहाणें मूल काय करील? तें एक-दोनदां डाव टाकून पाहील, आणि पुढें प्रत्येक पाळीला ‘मी वार करितों’ एवढेंच म्हणूं लागेल. मग पाहणारे म्हणतात कीं, ह्या मुलाला कल्पनाच सुचत नाहीं. कल्पना पुष्कळ सुचतात. त्या उच्चारल्यानें तोटा होतो हेंहि त्याला कळून चुकलेलें असतें.

दुसरी चूक पहिलीच्या पाठोपाठ येते. ती म्हणजे ज्यानें एकच डाव घोटून ठेविला आहे त्याला तो फार स्वस्त करणें. वरील आवृत्तींत दोन विशेष कौशल्यें घेतलेल्या पात्राला मिठी मारतांना फुकटचा वार सोसावा लागत नसे, व बळाच्या तुलनेंत त्यास चार गुण अधिक मिळत. पूर्वींचाच हिशेब पुन्हां मांडला तर पहिलें दार नाहींसें होतें, दुसरें तसेंच राहतें, आणि तिसऱ्यांतील यश शंभरांत पन्नासांवरून सत्तरांवर जातें. एकंदर यश शंभरांत छप्पन्न. हा सत्तरांचा आंकडा वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं दोन फाशांच्या चारशें जोड्या मांडून स्वतः पडताळून पाहावा. दोघांची बेरीज सारखी आल्यास अधिक गुणांच्या पात्राची सरशी, हा नियम मात्र ध्यानांत ठेवावा. सारांश, एकाच बळाच्या दोन वीरांत एकास वीस व दुसऱ्यास छप्पन्न. शिक्षणाला फळ असावें हें आम्हां शिक्षकांस कोणी सांगावयास नको. परंतु शिक्षणानें काम अधिक चांगलें व्हावें; ज्यानें तें घेतलें नाहीं त्यानें त्या कामास हातच लावूं नये, अशी स्थिति होऊं नये.

पाडण्याच्या डावाची गोष्ट ह्याहूनहि बोलकी आहे. त्याचें विशेष कौशल्य घेतलेला वीर शत्रूला पाडी, आणि पाडल्याबरोबर त्याच पाळींत त्यावर एक वारहि करी. म्हणजे डावाबद्दल किंमत द्यावी लागण्याऐवजीं बक्षीसच मिळे. पडलेल्या शत्रूवर जवळून वार करणारास चार गुण अधिक. आणि तो उठूं लागला कीं जवळच्या वीरांस त्यावर फुकटचा वार. त्यांत काटेरी सांखळी ह्या नांवाचें एक शस्त्र असें होतें कीं तें दहा फुटांवर पोंचे, अगदीं जवळहि चाले, आणि त्यानें शत्रूला पाडतांहि येई. हें सर्व एका पात्राच्या ठिकाणीं जमलें कीं प्रत्येक लढाई एकसारखीच होऊं लागे. मग सूत्रधारानें काय करावें? तो त्या एकाला आवरण्यासाठीं चार पायांचे, उडणारे किंवा अवाढव्य असेच शत्रु आणूं लागतो. त्यायोगें तो एक आवरला जातो खरा. पण शेजारच्या ज्या मुलीनें प्रसंग पाहून कधीं तरी एकदां शत्रूला पाडण्याचा प्रयत्न केला असता, तिचें दारहि त्याबरोबरच बंद होतें. एकाच्या अतिरेकाचा दंड सर्वांनीं भरावा, असा हा न्याय आहे.

ह्या दोन चुका टाळण्याचे जे प्रयत्न झाले ते अभ्यास करण्यासारखे आहेत. २००८ सालीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या चौथ्या आवृत्तीनें बहुतेक डाव ठराविक कृत्यांत बांधून टाकिले, कांहीं केव्हांहि करावीं, कांहीं एका लढाईंत एकदां, व कांहीं दिवसांतून एकदांच, असें ठरविलें. त्यामुळें योद्ध्याला मांत्रिकाइतकेंच निवडीचें सुख मिळालें. परंतु एकदां साधलेला डाव उद्यां सकाळपर्यंत पुन्हां कां टाकतां येऊं नये, ह्याचें समाधानकारक उत्तर मुलांस मिळेना. कारण न पटतां घेतलेली किंमत मुलांस दंडासारखी वाटते, हा अनुभव वर्गांत काय किंवा खेळांत काय, सारखाच.

२००९ सालच्या ‘पाथफाइंडर’ ह्या खेळानें सर्व डावांस एकच रीति लाविली. टाकणाराचा एक आंकडा, सोसणाराचा एक आंकडा, आणि एकच फासा. विशेष कौशल्यावांचून डाव टाकणारास शत्रूचा फुकटचा वार अजून सोसावा लागे. परंतु तो लागला म्हणून डाव आपोआप बुडत नसे, तर झालेल्या इजेइतके गुण डावाच्या फाशांतून वजा होत. हा हिशेब पहिल्यापेक्षां पुष्कळच सरळ आहे. दोष असा कीं, सोसणाराच्या आंकड्यांत बळ व चापल्य हीं दोन्हीं मिळविलीं होतीं, आणि टाकणाराच्या आंकड्यांत सामान्यतः एकटें बळ. त्यामुळें वीर जसजसे वरच्या पायरीला जात व शत्रु जसजसे प्रचंड होत, तसतसा डाव पुन्हां महाग होई. शिवाय पाडण्याच्या कौशल्याआधीं दुसरें एक कौशल्य, व त्याच्याहि आधीं बुद्धीचे निदान तेरा गुण हवे असत. शत्रूच्या पायांत पाय घालण्यासाठीं एवढी पूर्वतयारी कशास पाहिजे, हें आम्हांस उमगत नाहीं.

२०१४ सालच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पांचव्या आवृत्तीनें पकडणें व ढकलणें हे दोन डाव सर्वांस मोकळे केले. आपल्या वारांपैकीं एक वार सोडावा, दोघांनीं फासे टाकावे, आणि आपल्याहून एका पायरीपेक्षां अधिक मोठ्या आकाराच्या शत्रूवर हे डाव चालूं नयेत, एवढाच नियम. येथें किंमत स्वच्छ दिसते: एक वार. तथापि पकडलेल्या शत्रूला हलतां येत नाहीं, व उठण्यास तर हालचाल लागते. म्हणून प्रथम पकडून मग पाडलेला शत्रु पकड सुटेपर्यंत पडूनच राही. शस्त्र उडविण्यासारखे डाव खेळाडूंच्या पुस्तकांत ‘बॅटल मास्टर’ नांवाच्या योद्ध्यासाठीं राखून ठेविले होते. त्यासाठीं त्यास आरंभीं चार जादा फासे दिले, ते खर्च झाले म्हणजे विश्रांतीनंतर परत मिळत. २०२४ सालच्या सुधारणेंत कांहीं डाव शस्त्रांसच चिकटविले. ज्या वीरास अशा शस्त्राचें विशेष ज्ञान आहे त्याचा वार लागला कीं इजा तर होतेच; शिवाय शत्रूनें फासा टाकून तग धरिला नाहीं तर तो पडतोहि. येथें वार सोडावा लागत नाहीं, म्हणून डावाला निराळी किंमतच उरली नाहीं. आणि प्रत्येक वाराबरोबर आणखी एक फासा पडत असल्यामुळें पाळी लांबते. आम्हांस ही दिशा पसंत नाहीं. वार करावा कीं डाव टाकावा असा विचार ज्या क्षणीं मुलाच्या मनांत उभा राहतो, तोच ह्या खेळांतील उत्तम क्षण होय. दोन्हीं एकदम मिळूं लागलीं म्हणजे विचार करण्याचें कारणच राहत नाहीं.

आम्हांस सर्वांत अधिक पटलेली रचना २०१९ सालच्या ‘पाथफाइंडर’च्या दुसऱ्या आवृत्तीची आहे. तींत प्रत्येकास एका पाळींत तीन कृति करितां येतात. पाडणें, पकडणें किंवा ढकलणें ही त्यांतील एक कृति. तिच्यासाठीं सामान्यतः एक हात मोकळा लागतो, म्हणजे ढाल किंवा दुसरें शस्त्र सोडावें लागतें. डाव हा वारासारखाच मोजला जात असल्यामुळें त्याच पाळींतील पुढल्या वाराला बहुधा पांच गुण कमी होतात. आणि पाडूं जातां दहा गुणांनीं कमी पडलें तर पाडणाराच पडतो. पडलेल्या शत्रूला उठण्यासाठीं त्याच्या तीन कृतींपैकीं एक खर्चावी लागते. म्हणजे एका कृतीबद्दल एक कृति, आणि मधल्या वेळांत मित्रांस मिळणारा फायदा हा डावाचा नफा. हे तीन डाव सर्वांस खुले आहेत. शिक्षणानें ते अधिक चांगले साधतात, इतकेंच.

ही रचनाहि निर्दोष आहे असें नाहीं. शस्त्र उडविण्याच्या डावांत साधें यश मिळालें तर शस्त्र शत्रूच्याच हातांत राहतें, फक्त त्याची मूठ सैल होते. तें खालीं पडण्यासाठीं दहा गुणांनीं सरशी व्हावी लागते. हें आम्हांस फार महाग वाटतें. दुसरी गोष्ट संख्येची. चार वीर मिळून एका मोठ्या शत्रूशीं लढत असतां त्यांच्या हातीं बारा कृति असतात व त्याच्या हातीं तीनच. वीरांनीं बारांपैकीं एक देऊन त्याच्या तिनांपैकीं एक घेतली, तर तो सौदा समान नव्हे. म्हणून एकाकी शत्रु आणतांना सूत्रधारानें त्याचे सोबती, त्याची जागा व त्याचा आकार ह्यांचा आधींच विचार करावा. मध्येंच नियम फिरवूं नये.

येथें कोणी म्हणेल कीं, ह्या सर्व हिशेबाची गरजच काय? सूत्रधार शहाणा असला म्हणजे पुरे; त्यानें प्रसंग पाहून डाव साधला कीं नाहीं तें सांगावें. व्हेर्नुआ ह्यांचें तेंच म्हणणें होतें, आणि अनुभवी सेनापति पंच असतील तेथें तें शोभतेंहि. परंतु आमच्या टेबलावरील पंच चौदा वर्षांचा असतो, आणि ज्यांचा न्याय करावयाचा ते त्याचेच सोबती असतात. अशा ठिकाणीं लिखित नियम नसला तर काय होतें? ज्याचा आवाज मोठा त्याचा डाव साधतो. ज्याला रंगवून बोलतां येतें त्याचा राक्षस लवकर पडतो. जी मुलगी हळू बोलते, जो मुलगा वर्गांत नवा आहे, ज्याची बोली थोडी वेगळी आहे, त्याचा डाव तितकाच चांगला असूनहि ‘तें कसें जमेल?’ ह्या एका प्रश्नावर बुडतो. फाशाला बोलका व मुका हा भेद कळत नाहीं. आधीं लिहून ठेविलेली किंमत हें दुबळ्या आवाजाचें संरक्षण आहे, आणि आमच्या दृष्टीनें ह्या सर्व चर्चेंतील महत्त्वाची गोष्ट तीच. सूत्रधाराच्या शहाणपणाला मग काम राहत नाहीं असें मुळींच नाहीं. कोणीं भिंतीवरचा पडदा ओढून शत्रूच्या डोक्यावर टाकावयाचें ठरविलें, तर तसा नियम पुस्तकांत सांपडणार नाहीं. तेव्हां त्याच्याशीं अधिकांत अधिक मिळता डाव कोणता तें पाहून सूत्रधारानें तीच किंमत सांगावी, आणि उद्यां दुसऱ्यानें पडदा ओढला तर त्यासहि तीच लावावी.

दुसरा आक्षेप खरेपणाचा. खऱ्या झुंजींत लहान माणूस मोठ्याला सहज पाडीत नाहीं, मग खेळांत कां पाडावें? ह्यांत तथ्य आहे. कुस्तींतहि वजनाचे गट असतात, आणि म्हणूनच आकाराची मर्यादा घालणारे नियम आम्हांस मान्य आहेत. परंतु खरेपणाचा आग्रह धरणारे लोक तो बहुधा डावापुरताच धरितात. ज्या खेळांत मांत्रिक एका शब्दानें अग्नि पाडितो, त्यांत योद्ध्यानें शत्रूचा पाय ओढण्यासाठीं मात्र तीन वेळां परीक्षा द्यावी, हा खरेपणा एकांगी होय.

तेव्हां आमचे जे विद्यार्थी स्वतःचे नियम रचितात किंवा असलेले दुरुस्त करितात, त्यांना आमची सूचना थोडक्यांत अशी आहे. साधे डाव सर्वांस खुले असावे. कौशल्यानें ते सुधारावे. डावाची किंमत टाकण्याआधीं सर्वांस ठाऊक असावी, आणि ती वार, मोकळा हात किंवा पडण्याचा धोका अशा समजण्याजोग्या नाण्यांत घ्यावी. निकाल शक्य तों एका फाशांत लागावा. आणि डावाच्या परिणामांतून सुटण्याचा कांहीं तरी उपाय, किंमत देऊन कां होईना, सोसणाराच्या स्वतःच्या पाळींत त्याच्या हातीं असावा. ही शेवटची अट विशेष महत्त्वाची आहे. कारण डाव राक्षसहि टाकितो, आणि ज्या मुलाचें पात्र जखडून पडलें आहे त्यानें तासभर दुसऱ्यांची गंमत पाहत बसणें हा खेळ नव्हे.

ह्यांत आम्ही आमची एक लहानशी पुरवणी जोडतों. एकाच लढाईंत एकाच शत्रूवर तोच डाव दुसऱ्यांदा टाकिला तर शत्रूला दोन गुण अधिक द्यावे, तिसऱ्यांदा चार. एकदां टांग खाल्लेला पहिलवान दुसऱ्या वेळीं सावध असतो, हें कोणत्याहि मुलाला पटेल. दोन गुण म्हणजे शंभरांत सुमारें दहांचा फरक. डाव त्यानें बंद पडत नाहीं, पण दुसरा कोणता टाकावा ह्याचा विचार मनांत येऊं लागतो. नियम बरा कीं वाईट ह्याची परीक्षाहि सोपी आहे. तीन-चार बैठका कोणीं किती वार केले व किती डाव टाकिले तें एका कागदावर टिपून ठेवावें. एखादा डाव कोणीच टाकिला नाहीं तर तो महाग आहे. एकच डाव प्रत्येक पाळीला पडत असेल तर तो स्वस्त आहे. मग एका वेळीं एकच आंकडा बदलावा, आणि पुन्हां टिपावें.

पालकांस आमची विनंति इतकीच कीं, हा खेळ अभ्यासाच्या वेळांत शिरूं नये ह्याची काळजी त्यांनीं अवश्य घ्यावी. परंतु मुलें टेबलावर वाद घालतांना दिसलीं म्हणजे ‘राक्षसांच्या गप्पा’ म्हणून ती बैठक मोडूं नये. जवळ बसून पांच मिनिटें ऐकावें. तीं मुलें पुष्कळदां राक्षसाविषयीं बोलत नसतात. अमक्याला सवलत मिळाली तर तमक्यालाहि कां मिळूं नये, नियम आजच बदलावा कीं ही लढाई संपल्यावर, हरणाराचें म्हणणें कोणीं ऐकावें, ह्याविषयीं तीं बोलत असतात. हे प्रश्न मोठ्या माणसांच्या सभांतहि नेहमीं नीट सुटतात असें नाहीं. मुलांनीं ते फाशांच्या साह्यानें, रागावल्यावांचून व कागदावर आंकडे मांडून सोडविण्याचा सराव केला, तर त्यांत त्यांचें हितच आहे, असें आमचें प्रामाणिक मत आहे.